गव्हाआधीचं ताट



परवा मंदिरातून बाहेर पडताना ओळखीच्या एका ताईंनी माझ्या धाकट्या लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "हिला गहू चालत नाही म्हणे. मग बिचारी खाते तरी काय?" विचारण्यात माया होती, वावगं काही नव्हतं. पण 'बिचारी' हा शब्द लेकीनं ऐकला. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

त्या ताईंना मला तिथं धड उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांब आहे. त्यासाठी आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या ताटाचा इतिहास सांगावा लागतो. गहू आपल्या रोजच्या जेवणात कधी आला, त्याआधी आपण काय जेवत होतो, आणि एका डच डॉक्टरला गव्हाची खोड कशी सापडली, हे सगळं त्यात येतं. आज ते सांगते. शेवटी आमच्या घरी रोज काय शिजतं तेही लिहिते. ज्यांच्या घरी असं लेकरू असेल त्यांच्या कामाला येईल.

आधी दुखणं काय ते

लेक सहा वर्षांची होईपर्यंत सगळे म्हणायचे, हिच्या अंगाला लागत नाही. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेलं. हिमोग्लोबिन औषधानं वाढायचं आणि पुन्हा खाली यायचं. दृष्ट काढून झाली, जंताचं औषध देऊन झालं. "आई लक्ष देत नाही" हेही ऐकून झालं. आणि मी काय करायची? अंगाला लागावं म्हणून तुपात चुरलेली पोळी भरवायची. तेच तिला बाधत होतं.

शेवटी सोलापूरला एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला सांगितली. नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा नमुना घेतला आणि नाव कळलं, सिलिॲक. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की ती रबरासारखी ताणली जाते, ती या ग्लुटेनमुळे. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक केसरासारखे उंचवटे झिजतात, मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद करणं, एवढाच उपाय.

गव्हाची ॲलर्जी हे वेगळं दुखणं आहे. त्यात खाल्ल्यावर लगेच पुरळ येतं, ओठ सुजतात, श्वासही कोंडू शकतो. आमच्या थोरल्याला तशी ॲलर्जी शेंगदाण्याची आहे. म्हणजे एका लेकराला गहू नको आणि दुसऱ्याला शेंगदाणा नको. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात ही काय पंचाईत असते ते तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट आवर्जून सांगते. संशय आला म्हणून आपल्या मनानं गहू बंद करू नका. तपासणी होण्याआधीच गहू थांबवला तर रक्तात खूण सापडत नाही आणि निदान चुकतं. आधी डॉक्टर, मग पथ्य.

एका आईचं निरीक्षण

हे दुखणं नवं नाही. लंडनच्या लहान मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली त्याचं नीट वर्णन छापलं. हा रोग बरा होणार असेल तर आहारानेच होईल, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. पण कोणत्या आहारानं, ते त्यांना उमगलं नाही. पुढे अमेरिकेत १९२४ साली सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली आणि लोकांना वाटलं, केळ्यात काही गुण आहे. खरं म्हणजे त्या आहारात पाव नव्हता. गुण तिथं होता.

कोडं सोडवलं ते हॉलंडमधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९३०च्या दशकात एका तरुण आईनं त्यांना सांगितलं होतं की, पाव बंद केला की लेकराचं अंगावरचं पुरळ कमी होतं. डिके यांनी ते बोलणं उडवून लावलं नाही. ते मुलांना गव्हाशिवाय ठेवून पाहू लागले आणि १९४१ साली त्यांनी त्यावर लेखही लिहिला.

मग आला १९४४-४५चा हिवाळा. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली होती. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते, हजारो माणसं उपासमारीनं गेली. पाव मिळेनासा झाला होता, आणि सिलिॲक असलेली मुलं त्या दिवसांत उलट सुधारली. विमानांतून मदतीचा पाव आला, गहू पुन्हा सुरू झाला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांना खात्री पटली. १९५० साली त्यांनी प्रबंध मांडला, आणि १९५२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गव्हातला स्टार्च बाधत नाही, बाधतं ते ग्लुटेन.

मला यातली ती आई फार जवळची वाटते. तिचं नाव कुठं नोंदलेलं नाही. ती डॉक्टर नव्हती. आपल्या लेकराच्या ताटाकडे तिनं बारकाईनं पाहिलं होतं, इतकंच. मी मात्र सहा वर्षं तूप-पोळीच भरवत राहिले.

आपल्याकडे हा आजार फक्त गोऱ्या लोकांना होतो अशी समजूत होती. उत्तर भारतातल्या मुलांवरचा लेख १९६६ साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. मग २०१६ साली देशाच्या तीन भागांतल्या मोठ्यांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत हे दुखणं सुमारे १.२३ टक्के लोकांत दिसलं, ईशान्येला ०.८७ टक्के आणि दक्षिणेत जेमतेम ०.१० टक्के. या आजाराकडे झुकणारे जनुक तिन्हीकडे होते. मोठा फरक होता तो ताटात. उत्तरेत रोज भरपूर गहू, दक्षिणेत भात.

आता आपण कुठं बसतो? पन्नास-साठ वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर उत्तर ना गहू ना भात. आपलं उत्तर होतं ज्वारी.

पोळी पाहुण्याला, भाकरी घरच्याला

माझ्या सासूबाई भूम तालुक्यातल्या. त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी घरात गहू असायचा, पण डब्याच्या तळाशी. तो निघायचा होळीच्या पुरणपोळीला, लग्नाला, नाहीतर जावई आला की. रोज दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, थंडीत अधूनमधून बाजरीची. पोळी पाहुण्याला आणि भाकरी घरच्याला, असा हिशोब.

त्याला कारण जमिनीचं आहे. आपल्याकडे पाऊस बेताचा, पण काळी जमीन ओल धरून ठेवते. पावसाळा संपताना पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर निघते. गव्हाला पाणी द्यावं लागतं, आणि ते होतं कुणाकडे? ज्वारीचं दाणं माणसाला आणि कडबा जनावराला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडून काढलेली मालदांडी आजही आपल्या भागात पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेतली, पण तिला इथं येऊन इतकी शतकं लोटली की तिला पाहुणी म्हणायची सोय नाही.

तेव्हा धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवत. निजामाच्या राज्यात शेवटच्या वर्षांत सरकार लेव्ही घेई, म्हणजे शेतकऱ्यानं ठरलेलं धान्य सक्तीनं द्यायचं. पेवाचं तोंड कुठं आहे ते घरच्यांशिवाय कुणाला सांगायचं नसे, हे सासूबाईंनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं आणि १९६० साली महाराष्ट्र झाला, तोवर ताट बदललं नव्हतं. ते बदललं पुढच्या पंधरा-वीस वर्षांत.

देशात धान्य कमी पडत होतं. १९५६ साली अमेरिकेशी करार झाला आणि पीएल ४८० या कायद्याखाली तिकडचा गहू जहाजांनी येऊ लागला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. आपल्या लोकांना उपवासाचं काय नवल, पण उभ्या देशानं उपवास धरावा अशी ती वेळ होती. त्याच वर्षी अन्न महामंडळ स्थापन झालं. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८ हजार टन बियाणं आणलं, आणि १९६८ साली सरकारनं गव्हाच्या क्रांतीचं टपाल तिकीट काढलं. पंजाब-हरियाणाचा गहू सरकार हमीभावानं घेऊ लागलं आणि तोच देशभरच्या रेशन दुकानांत पोचू लागला. आपल्या ज्वारीला मात्र तशी खरेदी आणि तशी कोठारं मिळाली नाहीत.

आणि मग १९७२. सासूबाई तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. दुष्काळ त्यांनी पाहिलेला आहे, म्हणून त्या अजून ताटात शीत टाकू देत नाहीत. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. लोक खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला गेले. रेशनवर मिलो आली. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, तिकडे मुख्यतः जनावरांना घालतात ती. सासूबाई म्हणतात, तिच्या भाकरीला ना रंग ना चव, पण तीही रांगेत उभं राहून आणायची. दुष्काळ सरला, मिलो गेली, रेशनचा गहू राहिला. स्वस्त, मऊ, लाटायला सोपा, आणि वर पाहुण्याचं अन्न म्हणून मान. ज्या पोळीसाठी सणाची वाट पाहायची ती रोज मिळू लागली, मग कोण नको म्हणेल?

मी यात कुणाला दोष देत नाही. त्या गव्हानं माणसं जगवली. पण त्यासोबत एक समजूतही आली की भाकरी गरिबाची आणि पोळी बऱ्या घरची. माझ्या लग्नात पाहण्याच्या कार्यक्रमाला भाकरी केली असती तर आईला चार माणसांत बोल लागला असता. शेतातही तेच. आता खरिपात जिकडे-तिकडे सोयाबीन, आणि ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य रुपया किलोनं द्यायची तरतूद होती, पण आमच्या दुकानात मी पाहत आले ते गहू-तांदूळच. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तोवर आमच्या घरात ज्वारी आठवड्यातून एकदा, तीही पिठलं असेल तरच व्हायची.

म्हणजे लेकीच्या ताटातून मी जे काढलं ते आमच्या घरात जेमतेम दोन पिढ्यांचं होतं. जे परत ठेवलं ते कित्येक पिढ्यांचं. तिला मी दवाखान्याचं अन्न देत नाही, तिच्या पणजीचं देते.

चौक्यातून शिकलेलं

पण नुसती भाकरी करून भागत नाही. ग्लुटेन कणभरही चालत नाही. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको, असा आपल्या देशाचा नियम आहे. गव्हाच्या दळणानंतर त्याच गिरणीत ज्वारी दळली, तर त्या पिठात केवढा गहू मिसळला असेल! पोळीचं पोळपाट, कणकेचा हात, तळणीचं तेल, सगळीकडे तो आहे. डॉक्टरांनी ही यादी सांगितली तेव्हा मला रडू आलं. एवढं पाळायचं कसं?

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "महाराजांचा चौका लावतेस तेव्हा काय करतेस?"

खरंच की. ज्यांच्या घरी आहारदान झालं आहे त्यांना हे माहीत आहे. भांडी वेगळी, कपडे वेगळे, पाणी गाळून तापवलेलं, धान्य एकेक दाणा पाहून शोधलेलं. पीठ घरच्या जात्यावरचं, आणि तेही मर्यादेतलं, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. कुणी महाराज मीठ सोडलेले असतात, कुणी तूप, कुणी दूध-दही, कुणी गोड. सहा रसांपैकी कोणाचा कशाचा त्याग आहे ते आपण लक्षात ठेवतो. त्याला आपण कटकट म्हणत नाही. उलट चूक होऊन अंतराय येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून उभ्या असतो. कुंथलगिरी आपल्याच जिल्ह्यात. कुलभूषण-देशभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र ते, आणि आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी १९५५ साली तिथंच झाली. तिथं येणाऱ्या संघाची सेवा करत आपल्याकडच्या बायका हे पिढ्यान् पिढ्या शिकल्या. एकाच्या पथ्यासाठी अख्खं स्वयंपाकघर सावध ठेवणं आपल्याला नवं नाही.

पिठाच्या मर्यादेचं तर मला नवल वाटलं. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ ताणलं जात नाही. ते शिळं झालं की भाकरी थापताना कडेनं चिरते. ताजं असेल तर हातावर फिरते. जीवदयेसाठी सांगितलेला नियम चांगल्या भाकरीचाही नियम निघाला. आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच पडत नाही.

चौक्याचा आणखी एक नियम आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तोच आहे. महाराज उद्दिष्ट आहार घेत नाहीत. 'खास त्यांच्यासाठी' म्हणून केलेलं अन्न त्यांना चालत नाही. श्रावकानं स्वतःसाठी शुद्ध स्वयंपाक करायचा आणि त्यातून द्यायचं. म्हणजे त्यांना चालेल असं अन्न आधी आपल्या घराचं अन्न व्हावं लागतं.

पहिले सहा महिने मी नेमकं उलट केलं होतं. आम्हा सगळ्यांना पोळ्या आणि कोपऱ्यात तिच्या एकटीची भाकरी, झाकून, वेगळ्या ताटलीत. ती जेवायची टाळू लागली. भूक नाही म्हणायची. मला वाटलं भाकरी आवडत नाही. एक दिवस तिनं विचारलं, "हे माझ्यासाठी वेगळं केलंय का?" त्या रात्री मी घरातली कणीक कामवाल्या मावशींना देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या ताटात एकच जेवण आलं. ह्यांनी आठवडाभर कुरकुर केली. आता पोळी मागतही नाहीत.

आमच्या घरी रोज काय

फार काही नाही. आपलंच आहे.

भाकरी: एक वाटी ताज्या पिठात चिमूट मीठ आणि उकळतं पाणी घालून उलथन्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की तळहातानं रगडून मळायचं. जितकं मळाल तितकी थापायला सोपी. वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, सुकत आलं की उलटायची, मग जाळावर फुगवायची. डब्यासाठी गरम असतानाच तूप लावून दुमडून ठेवायची, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहते.

कण्या: ज्वारी जाडसर भरडून, एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर शिजवायच्या. गार झाल्या की वरून ताजं ताक आणि जिऱ्याची पूड. ज्वारी डाळ नाही, त्यामुळे द्विदलाचा दोष लागत नाही. उन्हाळ्यात याच्यासारखं दुसरं अन्न नाही.

धपाटे: दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, किसलेला दुधी, हिरवी मिरची, ओवा, तीळ, कोथिंबीर. बेसन आहे म्हणून दही घालत नाही, दुधीच्या पाण्यातच मळते. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे.

नाश्त्याला मुगाचं धिरडं, पोहे, ज्वारीच्या रव्याचा उपमा, राजगिऱ्याचे लाडू. थंडीत बाजरी. होळीला पुरण तेच, फक्त पोळीऐवजी तांदळाच्या उकडीत भरून वाफवते. पहिल्या वर्षी मीच हिरमुसले होते. लेकीनं पाच खाल्ले.

थोरल्याच्या शेंगदाण्याचा प्रश्नही जुन्या घरानंच सोडवला. कुटाऐवजी भाजक्या डाळव्याचं किंवा सुक्या खोबऱ्याचं कूट. दह्याच्या कोशिंबिरीत मात्र डाळवं नको, द्विदल होतं, तिथं खोबरंच. चटणी जवसाची किंवा कारळ्याची. तेल करडईचं. आपल्या भागात पूर्वी करडईच्या तेलावरच तर स्वयंपाक व्हायचा. फक्त एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. शेंगदाणा न चालणाऱ्या एखाद्या लेकराला तीळ किंवा दुसरं कडधान्यही बाधू शकतं.

आता जिथं आपण फसतो ते.

हिंग. आपल्याकडे कांदा-लसूण नाही, म्हणून प्रत्येक फोडणीत हिंग. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक आणि पीठ, बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. खरा हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येतो. आपल्या देशात त्याची लागवड हिमाचलात २०२० साली कुठं सुरू झाली. तो फार उग्र, म्हणून त्यात पीठ मिसळतात. मी गहू सोडला, भांडी बदलली, तरी लेकीचं पोट दुखायचं थांबेना. शेवटी हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात सापडलं. आता खडा हिंग आणते, नाहीतर तांदळाच्या पिठाचा, नाव वाचून.

खपली गहू. हल्ली लोक सांगतात की जुना गहू आहे, चालतो. सिलिॲकला नाही चालत. खपलीतही ग्लुटेन आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, गव्हाच्या कुरडया आणि जवाचं सत्त्व हेही नाही.

विकतचे ग्लुटेनमुक्त पदार्थ. महाग तर आहेतच, शिवाय पाकीट उलटून वाचा. पावात बहुतेकदा बटाट्याचं स्टार्च, टॅपिओकाचं स्टार्च, कधी अंडं. टॅपिओका म्हणजे साबुदाणा ज्याचा होतो तो कंद. ज्यांचा कंदमुळांचा त्याग आहे त्यांच्या ते कामाचं नाही. म्हणूनच म्हणते, आपल्या घरांसाठी सोपा मार्ग ज्वारीचाच. चांगल्या मालदांडीचा भाव हल्ली बऱ्याचदा गव्हाच्या वर असतो हे खरं, पण त्या पाकिटांपुढे ती स्वस्तच.

आणि शेवटचं, "एका घासानं काय होतंय?" हे आपलीच माणसं म्हणतात, प्रेमानं. मुलगी लाजून खाते आणि चार दिवस भोगते. महाराजांनी मीठ सोडलं असेल तर आपण "चिमूटभर घ्या" म्हणतो का? तेवढाच मान लेकराच्या पथ्याला द्या.

लेक आता दहा वर्षांची आहे. चार वर्षांत उंची वाढली, गाल भरले. मागच्या चातुर्मासात आमच्या गल्लीत एका घरी चौका होता. त्या घरच्या वहिनींनी आपण होऊन मला विचारलं, "ताई, दळण तुमच्या घरघंटीवर करून द्याल का? सगळ्यांना भाकरीच करू, म्हणजे तुमच्या लेकीलाही आमच्यातच जेवता येईल." मी दळून दिलं. आहार झाल्यावर सगळे एका पंगतीला बसलो. लेकीनं भाकरी तोडली, आजूबाजूच्या ताटांकडे पाहिलं, आणि काही न विचारता जेवायला लागली.

त्या ताईंना माझं उत्तर एवढंच आहे. ती बिचारी नाही. ती आपलंच जेवण जेवते.